अहल्येवर लिहिण्याआधी

तुझी अहल्येची कविता वाचली. शेवटच्या चार ओळी काढून टाक. 'मी आजची स्त्री आहे' असं तिच्या तोंडून वदवलंस की अहल्या संपते आणि भाषण सुरू होतं.

आधी मूळ कथा वाच, तीही एकाच ठिकाणी नको. वाल्मीकींच्या बालकांडात अहल्या शिळा होतच नाही. गौतमाच्या वेषातला इंद्र तिने ओळखलेला असतो आणि तरीही ती होकार देते. शाप मिळतो तो कुणाला न दिसता, वारा खाऊन, राखेत पडून राहण्याचा. शिळा नंतरच्या कथांमधली. दगडावर ढिगाने कविता झाल्यात. राखेतल्या, कुणालाच न दिसणाऱ्या बाईवर किती? तिथे तुला जागा आहे.

द्रौपदीचंही तसंच. वस्त्रहरणावर सगळेच लिहितात. पण युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की मला, हा तिचा भर सभेतला प्रश्न निव्वळ कायद्याचा आहे, आणि भीष्मांनाही त्याचं सरळ उत्तर देता आलं नाही. तिला रडवू नकोस, उलटतपासणी घेऊ दे.

आणि जात्यावरच्या ओव्या ऐक. आपल्या आज्या-पणज्यांनी सीतेचा वनवास गायला तो स्वतःचा सासुरवास त्यात मिसळून. यवतमाळ जिल्ह्यात रावेरीला सीतेचं देऊळ आहे. तिला मूठभर गहू नाकारले म्हणून तिने गावाला शाप दिला, असं तिथे सांगतात. मूठभर गहू! अग्निपरीक्षेपेक्षा मला यातच जास्त कविता दिसते.

पुढचा खर्डा पाठव. मुक्तछंद की ओवी, ते मग बोलू.