डुबिया झुरळांच्या पैदाशीसाठी मुदत ठेव मोडावी का?

प्रश्न: मी देवगड तालुक्यात राहतो, वय २८. कणकवलीत औषधांच्या दुकानात नोकरीला आहे. महिन्याला २२,००० रुपये हातात येतात, घरखर्चाला १५,००० जातात. माझ्याकडे नऊ टॅरांटुला कोळी आहेत. पाच मोठे (त्यांतले तीन मेक्सिकन रेडनी) आणि चार पिल्लं. त्यांच्या खाद्याची झुरळं मी दर महिन्याला मुंबईहून खासगी बसने मागवतो आणि नांदगाव तिठ्यावर उतरवून घेतो. डब्याचे ४५० आणि पार्सलचे ३५०, असे ८०० रुपये जातात. आता घरीच डुबिया झुरळांची पैदास करायचं मनात आहे. ४०० झुरळं १६,०००, रॅक आणि पेट्या ९,०००, हीटिंग मॅट आणि थर्मोस्टॅट ६,०००, इन्व्हर्टर १७,००० असा ४८,००० चा अंदाज काढलाय. जास्तीची ३०० झुरळं महिन्याला २० रुपये दराने विकली तर ६,००० सुटतील. पतसंस्थेत ७५,००० ची ठेव आहे, बाकी शिल्लक नाही. माजघराला लागून खोली मोकळी आहे. आईला पावसाळ्यात धाप लागते, तिचं मन नाही. ठेव मोडू का?

उत्तर: ठेव मोडू नका. पैदास करायला माझी हरकत नाही, पण ती साडेतीन हजारांत बसणारी असावी, आणि माजघराजवळ तर अजिबात नको.

तुम्ही किमती नीट मांडल्या आहेत, त्यामुळे हिशेब करणं सोपं गेलं. एक आकडा मात्र पत्रात नाही. तुमचे नऊ कोळी महिन्याला खातात किती? पैदास केवढी करायची हे त्यावर ठरतं. मोठा टॅरांटुला आठ-दहा दिवसांनी एखादं झुरळ खातो, आणि कात टाकायच्या आधी कित्येक आठवडे खाद्याला शिवतही नाही. पाच मोठ्यांना दहा दिवसांनी एक धरलं तर महिन्याला १५. चार पिल्लांना पाच दिवसांनी एकेक बारीक झुरळ, म्हणजे २४. सगळी मिळून ३९, आपण ४० धरू.

आता दुसरी बाजू. डुबियाची मादी अंडी बाहेर टाकत नाही, पिल्लंच देते. जागा उबदार असली तर साधारण दोन महिन्यांनी एका मादीला २० ते ३० पिल्लं होतात. दहा-बारा माद्यांची महिन्याला शंभरावर पिल्लं झाली. त्यातली निम्मी हाती लागली नाहीत तरी तुमचे ४० भागतात. मग ४०० झुरळं कशासाठी? १२ माद्या, चार-पाच नर आणि वेगवेगळ्या वयाची ४० पिल्लं एवढी सुरुवात पुरे. नर-मादी ओळखायला अवघड नाही. नराचे पंख पाठ झाकतात, मादीच्या पंखांची खांद्याजवळ नुसती खुंटं असतात. तुमच्याच दराने, म्हणजे ४० रुपयाला एक, अशी ५७ झुरळं २,२८० रुपयांना पडतील. झाकणाच्या दोन गुळगुळीत प्लास्टिकच्या पेट्या ९०० ला, जाळी आणि चिकटपट्टी २२० ला. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे अंडीवाल्याकडे फुकट मिळतात. झाले ३,४००.

हीटिंग मॅट आणि इन्व्हर्टरचे २३,००० मी सरळ काढून टाकतो. डुबियाला पैदाशीला २७ ते ३२ अंश चांगले. मॅट लागते ती थंड प्रदेशात, जिथे खोली गरम ठेवावी लागते. आपल्या किनाऱ्यावर वर्षातले बहुतेक दिवस हवा तेवढी गरम असतेच. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री गारवा येतो तेव्हा पैदास मंदावेल, पण झुरळं मरणार नाहीत. वीज गेली म्हणूनही काही बिघडत नाही. इन्व्हर्टर घरच्या दिव्या-पंख्यांसाठी हवा असेल तर तो घरखर्चाचा वेगळा विषय आहे, झुरळांच्या नावावर घेऊ नका. आणि समजा पेटीतली सगळी झुरळं मेली, तरी मोठा कोळी महिना-दीड महिना न खाता काढतो, त्याला पाणी मिळत राहिलं पाहिजे एवढंच. पिल्लांपुरता एखादा डबा मागवला की झालं. ज्या संकटात नुकसान इतकं थोडं आहे, त्यासाठी १७,००० चं यंत्र घ्यायचं कारण नाही.

त्याही आधी एक सोपी गोष्ट करता येईल. तुम्ही ४५० च्या डब्यामागे ३५० चं पार्सल देताय. डुबिया चांगली टिकतात, त्यामुळे दोन महिन्यांचं खाद्य एकदम मागवा. दोन डब्यांचे ९०० आणि पार्सलचे ३५०, म्हणजे दर दोन महिन्यांनी १,२५०, वर्षाला ७,५००. आज वर्षाला ९,६०० जातात. एक रुपया न गुंतवता २,१०० वाचले. या महिन्यापासूनच करा.

पैदाशीची तुलना या ७,५०० शी करायची, ९,६०० शी नाही. गाजर, भोपळा, कोंडा, ओट्स, बदलायचे ट्रे यांना महिन्याला १५० धरले तर वर्षाला १,८००. म्हणजे पेटी सुरू झाल्यावर वर्षाला ५,७०० वाचतील. पण पहिल्या वर्षी नाही. डुबियाचं पिल्लू मोठं व्हायला चार ते सहा महिने लागतात, आणि तोवर पेटीतल्या माद्या कोळ्यांना घातल्यात तर सगळंच बसेल. पहिले सहा महिने खाद्य विकतच घ्यावं लागणार, ते ३,७५०. त्यात पेटीचे ३,४०० आणि वर्षाचे १,८०० मिळवा, झाले ८,९५०. पहिल्या वर्षी विकतच्यापेक्षा १,४५० जास्तच जातील, बचत दुसऱ्या वर्षापासून. एवढं थांबायची तयारी असेल तर हा व्यवहार चांगला आहे, कारण रेडनीची मादी वीस वर्षांवर जगते. खाद्याचा खर्च तुमच्या मागे दीर्घकाळ राहणारच आहे. ४८,००० घातले तर मात्र ५,७०० च्या हिशेबाने ते फिटायला आठ वर्षांवर लागतील, आणि ठेवीचं बुडालेलं व्याज त्यात धरलेलं नाही.

विक्रीचे ६,००० मी कुठेच धरले नाहीत, ते का ते सांगतो. तुमचं गिऱ्हाईक कोण? तुमच्यासारखाच कोळी पाळणारा. त्याच्या कोळ्यांनाही महिन्याला वीस-तीसच लागतात. तो तुमच्याकडून एकदा ५० झुरळं घेईल, त्यात नर-माद्या असणारच, आणि सहा महिन्यांत त्याचीही पेटी तयार. तुम्ही आज जो विचार करताय तोच तो करणार. या मालाला पुन्हा पुन्हा येणारं गिऱ्हाईक टिकत नाही. सरडे किंवा अरोवाना मासे पाळणाऱ्यांची भूक मोठी असते, पण ती मंडळी मुंबई-पुण्यात. जिवंत माल घ्यायला बरेच कुरिअरवाले नकार देतात, म्हणजे पुन्हा खासगी बसच. मे महिन्यात डिकीत आठ-दहा तास काढून पोहोचलेला डबा मेलेला निघाला की पैसे परत मागणार तुमच्याकडे. ३०० झुरळं महिन्याला जातील हे गृहीत धरून कुठलाही खर्च करू नका. जास्तीची पिल्लं होऊ लागली तर ओळखीतल्या एखाद्या पाळणाऱ्याला द्या किंवा माद्या कमी करा.

आता आईचं. पैशापेक्षा मला याची काळजी जास्त वाटते. झुरळांची विष्ठा आणि टाकलेली कात यांची बारीक धूळ दम्याच्या रुग्णाला त्रास देते, हे वैद्यकशास्त्रात पक्कं ठाऊक आहे. डुबिया घरातल्या झुरळांपेक्षा स्वच्छ असली तरी तिची धूळ होतेच, आणि वर्षानुवर्षं पेट्या साफ करणाऱ्या धडधाकट माणसालाही पुढे ॲलर्जी सुरू होऊ शकते. आईला एकदा जरी दवाखान्यात ठेवावं लागलं तरी पाच-सहा वर्षांची बचत त्यात जाईल, आणि तिचे हाल वेगळेच. पेटी मांगरात, म्हणजे घरापासून वेगळ्या असलेल्या खोपटात ठेवा, नसेल तर घरापासून तुटक असलेल्या पडवीत. साफसफाई बाहेर, तोंडाला मास्क लावून, कपडे बदलून मग घरात. मांगर नाही, पडवी घराला चिकटून आहे, असं असेल तर पैदास नको. दोन महिन्यांचा डबा मागवत राहा. आईचं मन नाही हे तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंत, माझ्या मते निर्णय तिथेच व्हायला हवा. आधी तिला डॉक्टरांकडे नेऊन धाप कशाची आहे ते समजून घ्या.

मांगरात ठेवलीत तर मुंग्या येणारच. मुंग्यांचा खडू किंवा पावडर वापरू नका, झुरळंही मरतील आणि विष कोळ्यापर्यंत जाईल. घडवंचीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायची जुनी पद्धत इथे उत्तम. आंब्याची बाग जवळ असेल तर मोहोर आल्यापासून तुडतुड्यांवर फवारणी चालू असते, त्या दिवसांत बागेतला पाला, फळं, सालं काहीही पेटीत टाकायचं नाही, आणि फवारणीच्या दिवशी मांगराची दारं-खिडक्या बंद. जुलै-ऑगस्टमध्ये बुरशी हा खरा शत्रू आहे. गाजराचे तुकडे संध्याकाळी टाकले की उरलेले सकाळी काढा, ओले झालेले ट्रे लगेच बदला. पेटीच्या भिंतींवर मळ धरला तर एरवी घसरणारी पिल्लं वर चढतात, म्हणून वरच्या कडेला आतून रुंद चिकटपट्टी लावा आणि ती पुसत राहा. झुरळ निसटणं ही साधी बाब नाही. अमेरिकेत उष्ण-दमट फ्लोरिडा राज्यात डुबियाला परवानगी नाही, ती तिथल्या निसर्गात रुजेल या भीतीने. आपल्या माडा-पोफळींच्या बागांची हवा त्याहून फार वेगळी नाही.

तुमच्या ठेवीकडे वळतो. ७५,००० म्हणजे तुमचा पाच महिन्यांचा घरखर्च. ४८,००० काढलेत तर २७,००० राहतात, दोन महिनेही निघत नाहीत. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यालगतून गेलं तेव्हा छपरं उडाली, आंबा झडला आणि गावंच्या गावं अंधारात होती. तुम्ही तेव्हा तिथेच असाल, मी वेगळं काय सांगू. त्या वेळी हाताशी रोख असणं हाच या ठेवीचा उपयोग. दुसरं, ठेव पतसंस्थेत आहे. बँकेतल्या ठेवींना ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवींना ते नाही. मुदत संपली की रक्कम बँकेत आणा, आणि एकच पावती न करता २५,००० च्या तीन करा, म्हणजे अडचणीला एकच मोडावी लागेल. पेटीचे ३,४०० पगारातून दोन महिन्यांत सहज बाजूला पडतील. महिन्याला सात हजार उरतात असं तुमचेच आकडे सांगतात, पण पत्रात त्यांचा कुठे उल्लेख नाही. ते कुठे जातात हे एक महिना वहीत लिहून बघा. झुरळांच्या बचतीपेक्षा कितीतरी मोठी रक्कम तिथे आहे.

शेवटी कागदपत्रं. मेक्सिकन रेडनी साइट्सच्या, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट २ मध्ये येतो. वन्यजीव कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती आणि त्याखालचे २०२४ चे नियम यांनुसार अशा परदेशी प्राण्यांची केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. तुमच्या तिघांची झाली नसेल तर झुरळांच्या आधी ते बघा, कणकवली-सावंतवाडीकडच्या वनखात्याच्या कार्यालयात चौकशी करा. परदेशातून जिवंत कीटक आणायलाही परवाना लागतो, त्यामुळे झुरळं इथेच पैदास झालेली असल्याची पावती देणाऱ्याकडूनच घ्या. पावती द्यायला जो का-कू करेल त्याच्याकडून स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.