७८ लाखांना फ्लॅट विकला, तर हातात किती येणार?

आमच्याकडे सल्ल्याला येणाऱ्या ज्येष्ठांचा एक ठरलेला प्रश्न असतो: "अमुक लाखांना घर जातंय, कर्ज तमुक आहे, म्हणजे बाकीचे आमचेच ना?" २०२५-२६ या आर्थिक वर्षात आलेल्या एका जोडप्याची गोष्ट सांगते. त्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, पण हिशेबाची रीत आहे तशीच ठेवली आहे.

काका-काकूंचा पुण्यात कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर दोघांच्या नावावरचा फ्लॅट होता. इमारतीला लिफ्ट नव्हती आणि काकूंचे गुडघे जिना चढायला तयार नव्हते. ७८ लाखांचं गिऱ्हाईक मिळालं होतं आणि कर्ज ११ लाख ४० हजार उरलं होतं. वजाबाकी करून ६६ लाख ६० हजार आले, म्हणून त्यांनी रावेतला लिफ्टवाला ६४ लाखांचा फ्लॅट हेरला. दोन दिवसांत दोन लाख विसार द्यायचा होता. बँकेत मुदत ठेव होती सहा लाखांची. दुसरी पुंजी नव्हती.

आम्ही आधी विसार थांबवायला सांगितलं. मग कागद घेतला आणि त्यावर तीन रकाने पाडले: काय, किती, कधी. पहिले दोन सगळेच भरतात. लोक अडकतात ते तिसऱ्या रकान्यात.

कर्जापासून सुरुवात केली. मोबाइलवर दिसणारी शिल्लक म्हणजे कर्ज फेडायची रक्कम नव्हे. बँकेकडून फोरक्लोजर लेटर घ्यावं लागतं, त्यात तारखेनुसार रक्कम असते. साडेआठ टक्के दराने ११ लाख ४० हजारांवर दिवसाला साधारण २६५ रुपये व्याज चढतं. व्यवहार महिनाभर लांबला की आठ हजार वाढले. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराला मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही, त्यामुळे ती भीती काढून टाका. आम्ही ११ लाख ४८ हजार धरले.

दलाली १ टक्का ठरली होती, म्हणजे ७८ हजार. दलाल जीएसटी नोंदणीकृत असल्याने वर १८ टक्के, एकूण ९२,०४० रुपये. हा वरचा कर काकांनी धरलाच नव्हता. दलालीचा दर तोंडी ठरवताना "जीएसटीसकट की वेगळा" हे तिथल्या तिथे विचारून घ्या, आणि बिल घ्या. भांडवली नफा, म्हणजे घर विकून झालेला करपात्र फायदा, काढताना दलाली वजा होते, पण पावती असेल तरच.

आता सोसायटी. महाराष्ट्रात महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्याला, म्हणजे फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर करताना सोसायटी घेते त्या रकमेला, २५ हजारांची कमाल मर्यादा आहे. त्यावर हस्तांतरण शुल्क ५०० आणि प्रवेश शुल्क १०० रुपये. 'ऐच्छिक देणगी' म्हणून सोसायटीला त्याहून जास्त वसूल करता येत नाही. तरीही मागणी होते, आणि ना-हरकत पत्र अडेल या धास्तीने माणसं देऊन टाकतात. मागणी लेखी मागा, बहुतेकदा ती लेखी येतच नाही. अधिमूल्य कोणी भरायचं ते करारात लिहून घ्यावं. इथे निम्मं-निम्मं ठरलं, म्हणून १२,५००. इमारतीच्या रंगकामाची वर्गणी ३६ हजार थकली होती, ती भरल्याशिवाय ना-हरकत मिळणार नव्हती. मिळकत कराचे ९ हजार.

दुरुस्तीवर काकांना दीड लाख घालून सगळं घर रंगवायचं होतं. तो खर्च वसूल होत नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. नवा मालक बहुधा स्वतःच्या आवडीने पुन्हा रंगवतो. पण बाथरूमच्या भिंतीतून बेडरूममध्ये उतरलेली ओल पाहिली की तो मनातल्या मनात लाखभर कापतो. त्यामुळे फक्त गळती काढली, ओलीची भिंत आणि दिवाणखाना रंगवला: ५२ हजार. वकील आणि सीए मिळून १५ हजार, सामान हलवायला २८ हजार.

मग टीडीएस. ५० लाख आणि त्यावरच्या व्यवहारात खरेदीदार १ टक्का कापून सरकारात भरतो. ७८ हजार. हा खर्च नाही, तुमच्याच नावावर जमा होतो, पण विवरणपत्र भरून परतावा येईपर्यंत हाताशी नसतो. म्हणून तो वजाच धरायचा.

कराचा आकडा सगळ्यात घाबरवणारा होता. २०१२-१३ मध्ये मुद्रांक शुल्कासह ३४ लाखांना घेतलेलं घर. साध्या वजाबाकीने नफा सुमारे ४३ लाख ८ हजार, त्यावर साडेबारा टक्के आणि ४ टक्के उपकर धरून ५ लाख ६० हजार. पण २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराला भारतात निवासी असलेल्या व्यक्तीसाठी दुसरा हिशेब खुला आहे: महागाई निर्देशांक लावून २० टक्के. निर्देशांक २०० वरून ३७६ झाला, म्हणजे मूळ किंमत ६३ लाख ९२ हजार धरली जाते आणि कर उपकरासह २ लाख ७४ हजारांच्या आसपास येतो. यातला कमी तो लागू. आणि नफ्याइतकी रक्कम दोन वर्षांत दुसऱ्या राहत्या घरात घातली तर तोही माफ. काका-काकू घर घेणारच होते, म्हणून इथे शून्य लिहिलं.

अडीअडचणीला एक लाख राखीव धरले. सगळं मिळून १५ लाख ७० हजार ५४० वजा. हातात ६२ लाख २९ हजार ४६०.

रावेतच्या ६४ लाखांच्या फ्लॅटला ७ टक्के मुद्रांक शुल्क ४ लाख ४८ हजार आणि नोंदणी ३० हजार, म्हणजे ६८ लाख ७८ हजार लागणार होते. साडेसहा लाखांची तूट, ठेव मोडूनही न भरणारी. काकू बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "छोटा बघू." त्याच भागात ५८ लाखांचा मिळाला.

इथे कोणीतरी सुचवलं की घर एकट्या काकूंच्या नावावर घ्या, महिलेला मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, ५८ हजार वाचतील. सवलत खरी आहे. पण जुनं घर दोघांचं, म्हणजे नफाही दोघांचा. नव्या घरात काकांचं नाव नसेल तर त्यांच्या वाट्याच्या करमाफीवर वाद उभा राहू शकतो. ५८ हजारांसाठी तो धोका घेऊ नये, असं आम्ही सांगितलं. दोघांच्या नावावर एकूण ६२ लाख ३६ हजार. राखीव लाखाला हात न लावता साडेसहा हजार कमी पडत होते, ते चालू खर्चातून निघणार होते.

राहिला 'कधी'. खरेदीदार कर्ज काढणार होता. अशा व्यवहारात त्याची बँक आधी तुमच्या बँकेला पैसे देते, मूळ कागद सुटतात, आणि मगच उरलेली रक्कम तुम्हाला मिळते. कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत देणं बँकेवर बंधनकारक आहे, उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५ हजार भरपाई. तरी ते ३० दिवस जातातच. म्हणून आम्ही क्रम बदलला. खरेदीदाराचा स्वतःचा हिस्सा २० टक्के, म्हणजे १५ लाख ६० हजार होता. नोंदणीकृत करारनाम्याच्या दिवशी त्यातलाच चेक काकांच्या कर्जखात्याच्या नावाने थेट बँकेला दिला. कागद आधी सुटले आणि बाकीचे पैसे एका हप्त्यात आले. नव्या घराच्या विक्रेत्याशी ४५ ऐवजी ९० दिवसांची मुदत लिहून घेतली होती.

ते ९० दिवस लागलेच, कारण भागदाखला, म्हणजे सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. त्याच्या मागच्या बाजूला हस्तांतराचा तक्ता असतो: तारीख, नाव, अध्यक्ष-सचिवांच्या सह्या. तिथे शेवटचं नाव आधीच्या मालकाचं होतं. २०१२ मध्ये सोसायटीने अर्ज घेतला, पैसे घेतले, नोंद मात्र केली नाही. ती करून घ्यायला कार्यकारिणीच्या बैठकीची वाट पाहावी लागली. पैसा लागला नाही, पाच आठवडे गेले. घर विकायचा विचार मनात येताच पहिल्यांदा हा दाखला उलटा करून बघा.

आणि पॅन आधारला जोडलेलं आहे ना, तेही त्याच दिवशी तपासा. नसेल तर टीडीएस १ ऐवजी २० टक्के कापला जाऊ शकतो, आणि ७८ लाखांवर तो १५ लाख ६० हजार होतो.