वाचक विचारतात : नाताळ आणि घरातली लहान मुले

डिसेंबर उजाडला की गोव्यात शेजारच्या अंगणात नखेत्र (चांदणीच्या आकाराचा कंदील) लागते आणि आपल्या घरातल्या मुलांना निवांत बसवत नाही. या महिन्याची बरीच पत्रे त्याच धांदलीतली आहेत. त्यांतली काही इथे घेतली आहेत.

प्रश्न : मुलगा सात वर्षांचा, मुलगी चार. नखेत्र घरीच करायचे असा दोघांचा हट्ट आहे. दिवाळीचा आकाशकंदीलही आम्ही विकतच आणतो. जमेल का? – डिचोली

जमेल, पण दोन संध्याकाळी लागतील. पहिल्या दिवशी सांगाडा, दुसऱ्या दिवशी कागद. एकाच दिवशी उरकायला गेलात तर रात्री नऊला मुले झोपलेली आणि चिकटवाचिकटवी तुमच्या गळ्यात, असे होते.

बांबूच्या सारख्या जाडीच्या १० कामट्या घ्या, प्रत्येकी २ फुटांची. कडा पॉलिश कागदाने घासून घ्या, नाहीतर कूस बोटात जाते. प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून सव्वानऊ इंचांवर पेन्सिलने खूण करा. मध्ये साडेपाच इंच उरतात. पाच कामट्यांची एक चांदणी. कामट्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे खुणेवर खूण आली पाहिजे. बहुतेकांचे नखेत्र इथेच वाकडे होते : अंदाजाने बांधत गेले की चार टोके जुळतात आणि पाचवे अर्धा हात लांब राहते. आधी पाचही टोके सैल बांधा, मग मधल्या खुणा जुळवा, शेवटी सगळ्या गाठी आवळा.

अशा दोन चांदण्या एकमेकींवर ठेवून फक्त पाच टोके बांधायची. मग आतल्या पाच छेदांच्या जागी चार-चार इंचांच्या काड्या आडव्या अडकवल्या की नखेत्र फुगते. पाच इंचांपेक्षा मोठी काडी लावली तर कामटी तडकते. बांबू जुना आणि वाळलेला असेल तर कामट्या आधी तासभर पाण्यात ठेवा.

कागदाचे तुकडे असे : पुढे एक चांदणी, मागे एक चांदणी आणि कडेचे १० त्रिकोण. मागचा मधला पंचकोन उघडाच ठेवा, बल्ब तिथून जातो आणि उष्णताही तिथूनच बाहेर पडते. बल्ब ५ वॅटचा एलईडी पुरे. जुना पिवळा बल्ब लावू नका, तो कागद करपवतो. आपल्याकडे पहाटे दंव पडते, त्याने पतंगी कागद सैल पडून लोंबतो. म्हणून नखेत्र पागोळीच्या आत टांगा. जिलेटीन कागद दंवाला दाद देत नाही, पण त्यावर खळ धरत नाही, दुहेरी चिकटपट्टी लागते.

खळ म्हणजे दोन मोठे चमचे मैदा, एक पेला पाणी, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत. जुनी माणसे त्यात कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. मुले हाताशी असताना तो मुळीच नको. मोरचूद विषारी आहे आणि चार वर्षांची मुलगी बोटे चाटणारच. बिनमोरचुदाची खळ शीतकपाटात दोन दिवस टिकते.

मुलाला खुणा करणे आणि दोरा धरणे, मुलीला खळ लावणे. सुरी आणि वायर तुमच्याकडे. वायरचा जोड घराच्या आत ठेवा, अंगणातल्या दंवात नको.

प्रश्न : शेजाऱ्यांच्या मुलांबरोबर आमच्या मुली गोठो (येशूजन्माचा देखावा) करतात. गेल्या वर्षी पेरलेली नाचणी पिवळी पडून आडवी झाली. काय चुकले? – म्हापसा

तीन गोष्टी, आणि बहुधा तिन्ही एकदम : दाट पेरणी, जास्त पाणी, अंधार. नवरात्रातल्या घटाखालचे रुजवण आठवा. तिथे ते पिवळे, लांब झालेले चालते, कारण ते तसेच असते. गोठ्याचे गवत मात्र हिरवे आणि उभे हवे, त्याला उजेड लागतो.

नाचणी आठ तास भिजवा, निथळून ओल्या फडक्यात एक दिवस बांधून ठेवा. मोड दिसले की पसरट ताटलीत इंचभर मातीवर एकेरी थरात पसरा आणि वर मातीची फक्त भुरभूर द्या. ताटली खिडकीशी ठेवा. पाणी हाताने शिंपडायचे, ओतायचे नाही. मुलींना रोज सकाळी एकदाच शिंपडू द्या. दिवसातून पाच वेळा कौतुकाने घातलेल्या पाण्यानेच बुरशी येते. दहा-बारा दिवसांत दोन-तीन इंच गवत होते, म्हणजे २४ तारखेसाठी १२-१३ डिसेंबरला पेरा. चुकून उशीर झाला तर गहू घ्या, तो आठवड्यात वर येतो.

गोठ्यात पेंढा असतो, तेव्हा मेणबत्ती किंवा पणती ठेवू नका. धाकटी तीन वर्षांच्या आतली असेल तर मूर्ती तिच्या तोंडात मावणार नाहीत इतक्या मोठ्या घ्या. बाळ येशूची मूर्ती २४ च्या रात्रीच ठेवतात, तोवर गव्हाण रिकामी असते. ती शेजारच्यांच्याच मुलांना ठेवू द्या, हे तुमच्या मुलींना आधीच सांगून ठेवा. ऐनवेळी रडारड होते.

प्रश्न : नाताळला शेजारून गोडाचे ताट येते. आम्ही अंडे खात नाही आणि नातू चौदा महिन्यांचा आहे. कशात काय असते? – फोंडा

बेबिंकात अंड्याचे बलक भरपूर, त्याविना बेबिंका होत नाही. रवा-खोबऱ्याच्या बाथमध्येही अंडे असते. दोदोल तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि माडाचा काळा गूळ यांचा, त्यात अंडे नाही. दोस चण्याच्या डाळीचा आणि खोबऱ्याचा, पेराद पेरूचे, या दोन्हीतही नाही. कुलकुलात आणि नेवऱ्यांच्या (करंज्यांच्या) पारीत घरोघरी फरक, म्हणून विचारून घ्या. विचारल्याने कोणी दुखावत नाही, ताट न उघडता परत गेले तर मात्र दुखावते.

नातवाबद्दल : प्लम केकमधला सुका मेवा बहुधा रममध्ये भिजवलेला असतो आणि भाजल्याने मद्य पूर्णपणे उडून जात नाही. काही घरांत तयार केकवर आणखी शिंपडतात. तो केक त्याला देऊ नका. अख्खा काजू किंवा बदाम पाच वर्षांपर्यंत नाही. दोदोल चिकट आणि कुलकुल कडक, दोन्ही घशात अडकणारे. पेरादचा नखाएवढा तुकडा बोटांनी मऊ करून, मांडीवर बसवून द्या.

ताट रिकामे परत करायचे नसते, हे फोंडेकरांना सांगायला नको. चवथीला तुमच्या नेवऱ्या तिकडे जातातच.

प्रश्न : मुलांबरोबर करता येईल असा एक पदार्थ सांगा. प्रमाणासह. – मडगाव

कुलकुल. यात मुलांच्या हाताला खरोखर काम मिळते.

मैदा पाव किलो, बारीक रवा दोन मोठे चमचे, पिठीसाखर ५० ग्रॅम, चिमूटभर मीठ. त्यावर दोन मोठे चमचे कडकडीत तूप घालून चोळा (हे मोठ्यांनी), मग नारळाचे जाड दूध थोडे थोडे घालत मळा. साधारण अर्धी वाटी लागते. पीठ पुरीच्या पिठापेक्षा जरा मऊ हवे. ओल्या फडक्याखाली अर्धा तास झाकून ठेवा.

तीन-चार वर्षांच्या मुलांनी गोट्या वळायच्या, बोरापेक्षा लहान. पाचच्या पुढच्यांनी गोटी नव्या, धुतलेल्या कंगव्यावर अंगठ्याने चपटी दाबायची आणि गुंडाळत न्यायची. कंगवा नसेल तर काट्याची पाठ चालते. शेवटचे टोक दाबून चिकटवणे महत्त्वाचे. ते राहिले की कुलकुल तेलात उलगडते. पीठ कोरडे पडले तरी हेच होते, म्हणून फडके काढून ठेवू नका.

तळण मंद ते मध्यम आचेवर. एक कुलकुल टाकून पाहा, तीन-चार सेकंदांनी वर आले तर तेल बरोबर. लगेच उसळले तर तेल फार तापले आहे : पिठातल्या साखरेने बाहेरून रंग येईल, आत कच्चे राहील. कुलकुल तेलात भुगा होऊन पसरले तर पिठात साखर किंवा तूप जास्त झाले आहे. चमचाभर मैदा मळून घ्या. तळताना मुले स्वयंपाकघराबाहेर, याला अपवाद नाही. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, कोमट भरले की मऊ पडतात.

प्रश्न : शेजाऱ्यांनी मध्यरात्रीच्या मिसाला (चर्चच्या प्रार्थनेला) बोलावले आहे. पाच वर्षांच्या मुलाला न्यावे का? – पणजी

न्या, पण दुपारी दीड तास झोप झालेली असेल तरच. वेळ आधी विचारून घ्या, प्रत्येक चर्चची वेगळी असते. पुष्कळ ठिकाणी प्रार्थना बाहेर मोकळ्या मैदानात होते. पारा विशीच्या आसपास असला तरी दंवाने डोके ओले होते, टोपी आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. कडेच्या खुर्चीवर बसा, म्हणजे मध्येच उठता येते. लोक उठतील तेव्हा उठा, गुडघे टेकतील तेव्हा शांत बसून राहिलात तरी चालते. कम्युनिअनची (प्रसादाच्या भाकरीची) रांग लागली की तुम्ही जागेवरच बसा. ते फक्त त्यांच्या धर्मातल्यांसाठी असते. मुलगा ‘मलाही खाऊ हवा’ म्हणेलच, त्याला घरातूनच समजावून न्या.

प्रश्न : दिव्यांची खेळणी आणि गाणारा सांता मुलीला भेट आले आहेत. ती दोन वर्षांची आहे. – साखळी

आतली चपटी गोल बटण बॅटरी पाहा. तिचे झाकण स्क्रूने बंद नसेल तर खेळणे वरच्या फळीवर ठेवा. ही बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजते. गिळल्याचा नुसता संशय आला तरी १०८ ला फोन करा आणि थेट मोठे रुग्णालय गाठा. उलटी करवू नका. मूल एक वर्षावरचे असेल, नीट गिळता येत असेल आणि गिळून बारा तास झाले नसतील तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध द्या, जास्तीत जास्त सहा वेळा. मधासाठी थांबू मात्र नका. एक वर्षाखालच्या बाळाला मध द्यायचा नाही.

प्रश्न : वाड्यावरची मुले ३१ तारखेला ‘ओल्ड मॅन’ (सरत्या वर्षाचा बाहुला) जाळणार. आमचा आठ वर्षांचाही त्यांत आहे. – पेडणे

जाऊ द्या, पण बाहुला आधी तुम्ही चाचपून पाहा. आत फक्त गवत आणि नारळाची सोडणे हवीत. मोठी मुले गंमत म्हणून फटाके कोंबतात, ते काढा. बाहुल्याचे कपडे सुती असू द्या. नायलॉन वितळून ठिपके उडतात आणि कातडीला चिकटतात. टायर, प्लास्टिक नको. पैसे मागायला रस्त्यावर दोरी धरतात, ती बंद करा. अंधारात दुचाकीस्वाराला ती दिसत नाही.

जाळायची जागा माड, गवताची कुडी आणि विजेच्या तारा यांपासून लांब, मोकळ्या शेतात. पाण्याच्या दोन बादल्या आधी भरून ठेवा. काडी मोठ्या माणसाने लावायची, लहान मुले वाऱ्याच्या वरच्या बाजूला दहा पावलांवर. रॉकेल-पेट्रोल ओतू नका, वाळके गवत तसेही पेटते. विझल्यावर राखेवर पाणी ओता, कारण सकाळी हीच मुले अनवाणी तिथे खेळायला जातात.