आधी नमुन्यांचं विचारा

नवीन आहात म्हणून सांगते. संशोधकाचा अर्ज आला की प्रस्तावना नंतर वाचा. आधी विचारा, रक्त, केस, पिसं, काही देशाबाहेर जाणार आहे का? हे त्यांना हमखास शेवटच्या आठवड्यात आठवतं. प्राणी साइट्सच्या (CITES, वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) परिशिष्ट १ मधला, म्हणजे सर्वाधिक धोक्यातल्या प्रजातींच्या यादीतला असेल, तर नमुने जिथे जाणार त्या देशाचा आयातीचा परवाना आधी. तो निघाल्याशिवाय निर्यातीचा मिळत नाही. निर्यात परवाना चालतो जेमतेम 6 महिने, त्यामुळे उत्साहाने लवकर काढून ठेवू नका. जंगलात पडलेली विष्ठा साइट्समधून सुटते, पण पशुरोगांच्या नियमांतून सुटेलच असं नाही. आणि शास्त्रीय नाव प्रत्येक कागदावर अक्षरशः सारखंच हवं. कस्टमवाले तेवढंच बघतात!