फिल्म विकायची तर आधी हे विचार

वाळूजला पॉलिस्टर फिल्मच्या विक्रीत नवीन लागलायस, तर नुसता मायक्रॉनचा, म्हणजे जाडीचा, आकडा पाठ करू नकोस. गिऱ्हाईक फिल्मचं करणार काय, ते आधी विचार. मसाल्याच्या पाऊचला 12 मायक्रॉन चालते, पण साधं पॉलिस्टर तापवून सील होत नाही, आतून पॉलिथिनचा थर लागतोच.

छपाईचा रोल असेल तर कोरोना केलेली बाजू, म्हणजे शाई धरावी म्हणून विजेची ट्रीटमेंट दिलेली बाजू, डाईन पेनाने (ट्रीटमेंट तपासायच्या खास पेनाने) रेघ ओढून स्वतः तपास. रेघ सलग राहिली तर ठीक. आकसून थेंब झाले तर शाई धरणार नाही. लेबलवर जाऊ नकोस बाबा, रोल पडून राहिला की ट्रीटमेंट उतरते. त्यात आपल्याकडचा मे महिना आणि पत्र्याचं गोदाम!

मोटार रिवाइंडिंगवाल्याला मात्र दुधी, जाड फिल्म दे. त्याला ती वीज अडवायला लागते, छपाईशी काय देणंघेणं?