ध्वनिमुद्रिका : वाचकांचे प्रश्न – जुनी प्रत की नवी आवृत्ती?

प्रश्न : माझ्या वडिलांकडे बीटल्सच्या ‘ॲबी रोड’ या अल्बमची सत्तरच्या दशकात घेतलेली, दमदमच्या कारखान्यातील तबकडी आहे. मित्राकडे २०१९ साली निघालेली पन्नासाव्या वर्षाची आवृत्ती ऐकली, तर ड्रम आणि बास पुढे आल्यासारखे वाटले. खरा ‘ॲबी रोड’ कोणता मानायचा, आणि वडिलांच्या प्रतीला काही मोल आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्याला जाणवलेला फरक हा भास नव्हे, कारण या दोन तबकड्यांवर एकच मिश्रण (मिक्स, म्हणजे वेगवेगळ्या ट्रॅकवरील आवाजांचा ठरवलेला तोल) नाही. ‘ॲबी रोड’ १९६९ साली मुख्यतः आठ ट्रॅकच्या टेपवर ध्वनिमुद्रित झाला. त्या ट्रॅकवरून निर्माते जॉर्ज मार्टिन आणि त्यांच्या ध्वनिअभियंत्यांनी जे स्टिरिओ मिश्रण तयार केले, तेच २६ सप्टेंबर १९६९ रोजी ब्रिटनमध्ये बाजारात आले आणि पुढची पाच दशके जगभर वाजत राहिले. २००९ साली त्या मिश्रणाच्या मूळ टेपवरून डिजिटल रीमास्टर करण्यात आले आणि २०१२ची तबकडी त्या डिजिटल प्रतीवरून कापली गेली. म्हणजे तिथे मिश्रण जुनेच होते, केवळ मधला मार्ग बदलला होता. २०१९ साली मात्र जॉर्ज मार्टिन यांचे चिरंजीव जाइल्स मार्टिन आणि अभियंते सॅम ओकेल थेट आठ ट्रॅकच्या टेपांकडे परत गेले आणि प्रत्येक वाद्याची पातळी व जागा त्यांनी नव्याने ठरवली. त्यामुळे दुकानात एकाच चित्राच्या कव्हरमध्ये आपल्याला किमान तीन वेगळ्या गोष्टी मिळतात, आणि वेष्टनावरच्या चिकटपट्टीचा मजकूर हा भेद क्वचितच स्पष्ट करतो.

माझे मत विचाराल तर २०१९चे मिश्रण हे मुलाने वडिलांच्या कामावर केलेले आदरपूर्ण भाष्य आहे. ते कुशल आहे, आजच्या कर्ण्यांवर ते अधिक भरदार लागते, परंतु १९६९ साली ज्यांनी ती रेकॉर्ड केली त्यांनी मंजूर केलेला तोल ऐकायचा असेल तर जुन्या मिश्रणाला पर्याय नाही. हे भाष्य आवडणे हा काही अपराध नव्हे. ते मूळ आहे असे समजून पैसे मोजू नयेत, एवढेच.

आता वडिलांच्या प्रतीविषयी. तबकडी तयार होताना प्रथम लॅकरच्या (मऊ लेप दिलेल्या) चकतीवर आवाजाची खाच कापली जाते, यालाच कटिंग म्हणतात; त्या चकतीवर चांदीचा पातळ थर देऊन निकेल चढवले जाते, त्यातून निघालेल्या धातूच्या प्रतीवरून ‘मदर’ आणि मदरवरून प्रत्यक्ष छापणारे स्टॅम्पर घडवले जातात. लंडनहून धातूचे साचे आले असतील तर दमदमच्या तबकडीवरही कटिंग लंडनचेच असते, आणि आवाजाचा स्वभाव ठरतो तो कटिंगच्या टेबलावर. हे ओळखण्यासाठी शेवटचे गाणे संपल्यानंतर लेबलपर्यंत जो गुळगुळीत पट्टा असतो, तो तिरप्या उजेडात धरून पाहावा. पहिल्या बाजूला ‘वायईएक्स ७४९’ आणि दुसऱ्या बाजूला ‘वायईएक्स ७५०’ हे क्रमांक ब्रिटिश पद्धतीने उमटवलेले दिसले, तर कटिंग तिकडचे असण्याची शक्यता बळकट होते. त्यापुढचा आकडा ते कितवे कटिंग आहे हे सांगतो. मूळ ब्रिटिश प्रतीवर याशिवाय डाव्या अंगाला मदरचा आकडा आणि उजव्या अंगाला स्टॅम्परची अक्षरे असतात. ‘ग्रामोफोन लिमिटेड’ या नावातून घेतलेली ही दहा अक्षरे अंकांसाठी वापरली जात, म्हणजे ‘जी’ म्हणजे १, ‘आर’ म्हणजे २, ‘ए’ म्हणजे ३, याप्रमाणे. संग्राहक यांतील सुरुवातीच्या आकड्यांच्या अक्षरांसाठी हजारो रुपये जास्त मोजतात. तथापि स्टॅम्पर झिजण्याआधी बदलला गेला असेल तर पहिल्या आणि विसाव्या स्टॅम्परमधला फरक कानाला लागेलच असे नाही.

आपल्या प्रतीची खरी कसोटी तिच्या जन्मापेक्षा तिच्या आयुष्यात आहे. आपल्याकडे त्या काळी बहुतेक घरांत सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसवलेला, तिच्या हालचालीचे विद्युत संकेत करणारा भाग) असलेले पेटीवजा रेकॉर्ड प्लेयर असत, त्यांची सुई खाचेवर बराच भार टाकत असे आणि झिजलेली सुई वर्षानुवर्षे बदलली जात नसे. ही झीज सर्वांत आधी तबकडीच्या आतल्या भागात कळते. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीत बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर वेगाने जाते, तर लेबलजवळ हाच वेग सुमारे २१ सेंटिमीटरवर येतो; तेवढ्याच आवाजासाठी जागा निम्म्याहून कमी उरते. ‘ॲबी रोड’च्या पहिल्या बाजूचा शेवट नेमका ‘आय वाँट यू’ या पावणेआठ मिनिटांच्या गाण्याने होतो, ज्याच्या उत्तरार्धात गिटारचे थर आणि सिंथेसायझरचा वाऱ्यासारखा घोंगावणारा आवाज चढत चढत जातो आणि अचानक तुटतो. तबकडी स्वच्छ धुऊन, चांगल्या सुईने हा भाग ऐकावा. तो खरखर न करता शेवटपर्यंत टिकला, तर नवी प्रत विकत घेण्याची घाई करू नये. तिथे आवाज फाटत असेल, तर ती आठवण म्हणून जपावी आणि ऐकण्यासाठी २०१२ची किंवा त्या जुन्या मिश्रणाची दुसरी प्रत घ्यावी.

प्रश्न : बीटल्सच्याच ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’च्या १९६७च्या मोनो प्रतीसाठी विक्रेता स्टिरिओ प्रतीच्या कितीतरी पट किंमत सांगतो. दोन कर्ण्यांच्या संचावर मोनो ऐकण्यात अर्थ काय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : १९६७ साली ब्रिटनमध्ये पॉप संगीत ऐकणाऱ्या बहुसंख्य घरांत मोनोच (सगळा आवाज एकाच वाहिनीत; स्टिरिओत तो डाव्या-उजव्या दोन वाहिन्यांत विभागलेला असतो) होते. त्यामुळे बीटल्सचे चौघे मोनो मिश्रणाच्या वेळी जातीने उपस्थित राहिले, तर स्टिरिओ मिश्रण अभियंत्यांनी नंतर तुलनेने झटपट उरकले. परिणामी दोन्हींत केवळ रुंदीचा नव्हे, आशयाचाही फरक पडला आहे. ‘शीज लीव्हिंग होम’ हे गाणे मोनोमध्ये अधिक वेगाने आणि वरच्या पट्टीत चालते. स्टिरिओची सवय झालेल्याला ते ऐकताना वेगळ्याच गायकांचे वाटावे इतके. १९६८च्या दुहेरी अल्बमवरील ‘हेल्टर स्केल्टर’च्या अखेरीस बोटांना फोड आल्याची रिंगो स्टारची आरोळी स्टिरिओत आहे, मोनोत नाही. अशा तपशिलांमुळे मोनो हे स्टिरिओचे गरीब भावंड ठरत नाही. ‘ॲबी रोड’ला मात्र हा प्रश्न लागू नाही, कारण तो फक्त स्टिरिओतच मिश्रित झाला.

तरीही विक्रेता सांगतो ती किंमत मला पटत नाही. २०१४ साली ध्वनितज्ज्ञ शॉन मॅगी आणि स्टीव्ह बर्कोविट्झ यांनी ॲबी रोड स्टुडिओत बीटल्सचे मोनो अल्बम मूळ टेपांवरून, मध्ये कोणतेही डिजिटल टप्पे न आणता, नव्याने कापले. त्या काळची कटिंगची टिपणे समोर ठेवून झालेले ते काम माझ्या मते गेल्या काही दशकांतील सर्वांत प्रामाणिक पुनर्प्रकाशन आहे. जुनी प्रत घ्यायची तर ती वस्तूच्या ओढीने घ्यावी. आपल्या ॲम्प्लिफायरवर मोनोचे बटण असल्यास ते अवश्य दाबावे : मोनो खाचेतील संगीत केवळ आडव्या हालचालीत असते, परंतु स्टिरिओ कार्ट्रिज धुळीने व ओरखड्यांनी होणारी उभी हालचालही उचलते, आणि या बटणाने ती कटकट बरीचशी नाहीशी होते.

प्रश्न : अमेरिकेत आल्यापासून मी ‘मोबाइल फिडेलिटी’ या कंपनीच्या महागड्या तबकड्या जमवत आलो. त्या मूळ टेपवरून थेट कापलेल्या नाहीत हे उघड झाल्यापासून कपाटाकडे बघवत नाही. त्या विकून टाकाव्यात का? आणि १८० ग्रॅम वजनाला खरोखर काही अर्थ आहे का?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : इतर वाचकांसाठी थोडक्यात पार्श्वभूमी सांगतो. २०२२ सालच्या जुलैमध्ये ॲरिझोनातील एका रेकॉर्ड-दुकानदाराने या कंपनीच्या तबकड्यांमध्ये डिजिटल टप्पा असल्याचे जाहीर केले आणि पाठोपाठ कंपनीच्या अभियंत्यांनी त्याच्याशी झालेल्या मुलाखतीत ते मान्य केले. मूळ मास्टर टेपची प्रथम डीएसडी या उच्च क्षमतेच्या डिजिटल ध्वनिमुद्रण पद्धतीने प्रत केली जात होती आणि कटिंग त्या प्रतीवरून होत होते. ही पद्धत सुमारे दहा वर्षांपासून चालू होती. संशयाला एक निमित्त असे होते की कंपनीने मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’च्या विशेष आवृत्तीच्या ४०,००० प्रती काढण्याचे जाहीर केले होते, आणि ज्या पद्धतीत एका लॅकरवरून मोजकेच स्टॅम्पर निघतात त्या पद्धतीने इतक्या प्रती काढायच्या तर मूळ टेप कितीतरी वेळा वाजवावी लागली असती, जे कोणतीही मालक कंपनी सहसा करू देत नाही. पुढे सामूहिक दावा झाला आणि प्रकरण तडजोडीने मिटले.

यात दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. कंपनीने ग्राहकांना अंधारात ठेवले हा दोष मोठा आहे आणि त्याची भलामण करता येणार नाही. परंतु ज्या तबकड्यांची आपण आणि अनेक नामांकित समीक्षकांनी वर्षानुवर्षे तारीफ केली, त्यांचा आवाज त्या बातमीच्या दिवशी बिघडला नाही. डिजिटल टप्प्यामुळे संगीताचा प्राण जातो असे ठामपणे सांगणाऱ्या कानांना तो टप्पा दहा वर्षे ऐकू आला नाही, ही त्या प्रकरणातली मला सर्वांत बोलकी वाटणारी बाब आहे. शिवाय ‘जुने म्हणजे शुद्ध ॲनालॉग’ हेही सरसकट खरे नाही. कटिंगच्या यंत्राला पुढे येणारा आवाज किती मोठा आहे हे आधी कळावे लागते, म्हणजे खाचांमधील अंतर ठरवता येते. त्यासाठी टेपयंत्रावर एक आगाऊ हेड असे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून अनेक स्टुडिओंनी त्याऐवजी डिजिटल विलंबयंत्र वापरायला सुरुवात केली, आणि खाचेत जाणारा आवाज त्या विलंबयंत्रातूनच जात असे. ऐंशीच्या दशकातील कित्येक ‘पहिल्या प्रती’ अशाच आहेत. म्हणून ज्या तबकड्या आवडीने ऐकता त्या ठेवाव्यात. केवळ गुंतवणूक म्हणून घेतलेल्या विकाव्यात.

वजनाविषयी फार बोलण्यासारखे नाही. जाड तबकडी वाकण्याची शक्यता थोडी कमी असते, हाताला ती भारदस्त लागते आणि प्रकाशकाला चार पैसे जास्त मागता येतात. खाचेची खोली १२० ग्रॅमच्या तबकडीत आणि १८० ग्रॅमच्या तबकडीत सारखीच असते. वाईट टेपवरून कापलेली जड तबकडी वाईटच वाजते.

प्रश्न : डायर स्ट्रेट्सच्या ‘ब्रदर्स इन आर्म्स’ची १९८५ची एक तबकडीची प्रत घ्यावी की आताची दोन तबकड्यांची?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : दोन तबकड्यांची. या अल्बमचे ध्वनिमुद्रण मुळातच डिजिटल टेपवर झाले होते, त्यामुळे ‘पहिली प्रत ताज्या ॲनालॉग टेपच्या सर्वांत जवळची’ हा नेहमीचा युक्तिवाद येथे फारसा टिकत नाही. त्याहून महत्त्वाचे असे की सीडीवर सुमारे ५५ मिनिटांचा असलेला हा अल्बम एका तबकडीत बसवण्यासाठी सुमारे ४७ मिनिटांवर आणला गेला. ‘व्हाय वरी’ सीडीवर साडेआठ मिनिटे चालते, जुन्या तबकडीवर साडेपाच मिनिटांच्या आत संपते. बाजू जितकी लांब, तितक्या खाचा अरुंद आणि आवाजाची पातळी खाली, हा नियम कोणालाच चुकत नाही. ‘थ्रिलर’च्या वेळीही बाजू फार लांब झाल्यामुळे पहिले कटिंग निस्तेज निघाले होते आणि निर्माते क्विन्सी जोन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी गाणी आखूड करून पुन्हा मिश्रण केले. तिथे कात्री अल्बम बाजारात येण्यापूर्वी, निर्मात्यांच्या हातून चालली. ‘ब्रदर्स इन आर्म्स’मध्ये ती केवळ तबकडी घेणाऱ्यांच्या वाट्याला आली.

प्रश्न : फ्लीटवुड मॅकच्या ‘रूमर्स’ची १९७७ची अमेरिकन प्रत आणि ४५ फेऱ्यांची दोन तबकड्यांची आवृत्ती माझ्याकडे आहेत. मला नवी बरी वाटते, मित्राला जुनी. निवाडा कसा करावा?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : निवाडा करण्यापूर्वी दोन्हींचा आवाज सारखा करून घ्यावा. दोन प्रतींच्या कटिंगच्या पातळीत हमखास फरक असतो आणि कानाला किंचित मोठा आवाज अधिक ‘स्पष्ट’ वाटतो. बहुतेक वाद येथेच मिटतात. मोबाइलवरील साध्या ध्वनिमापक ॲपने एकाच गाण्याची तीच ओळ मोजून व्हॉल्यूम जुळवावा, दोन्ही तबकड्या सारख्याच धुवाव्यात, कार्ट्रिज तेच ठेवावे, आणि कोणती वाजते आहे हे ऐकणाऱ्याला न सांगता तिसऱ्या व्यक्तीने बदलत राहावे. २०११ साली ध्वनिअभियंते स्टीव्ह हॉफमन आणि केव्हिन ग्रे यांनी ४५ फेऱ्यांसाठी केलेले कटिंग आपल्याकडे असेल, तर तो नामांकित प्रतिस्पर्धी आहे. पण जुन्या प्रतीवरील लेबलजवळचे गाणे नव्या आवृत्तीत बाहेरच्या कडेला आलेले असू शकते. तुलनेसाठी म्हणूनच दोन्हींवर बाजूच्या आरंभी येणारे गाणे निवडावे. ‘सेकंड हँड न्यूज’ हे अल्बमचे पहिलेच गाणे असल्याने तेथून सुरुवात करणे सोयीचे पडेल.