तिसऱ्या नंबरवरच्या विनिपेगने २०१९चा ग्रे कप कसा जिंकला?

ग्रे कप म्हणजे कॅनेडियन फुटबॉल लीगचं विजेतेपद; खेळ अमेरिकन फुटबॉलसारखा, चेंडू हातात घेऊन पळायचा किंवा पास फेकायचा. तुमचा प्रश्न असा आहे की २०१९ला हॅमिल्टनने साखळीतले १८ पैकी १५ सामने जिंकले, विनिपेग ब्लू बॉम्बर्सने फक्त ११, आणि तेही पश्चिम विभागात सस्कॅचवान आणि कॅलगरीच्या मागे तिसरे. मग कप विनिपेगला मिळाला तो नशिबानेच ना? मी विनिपेगमध्ये राहतो, तो हंगाम पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलाय, आणि मला हे अजिबात पटत नाही. ११-७ (११ विजय, ७ पराभव) हा आकडाच फसवा आहे.

तो आकडा तीन क्वार्टरबॅकांचा (पास फेकून आक्रमण चालवणारे खेळाडू) मिळून झालाय. मॅट निकल्स खेळत होता तोवर संघ ७-२ होता. ऑगस्टमध्ये बीसी लायन्सविरुद्ध त्याचा खांदा गेला आणि त्याचा हंगाम तिथेच संपला. मग आला ख्रिस स्ट्रेवेलर. पळण्यात वाघ, पण लांब पास देणं हे त्याचं बलस्थान नव्हे. त्याच्या हाताखाली ३-५. ऑक्टोबरात, अदलाबदलीची मुदत संपता संपता, विनिपेगने टोरांटोकडून झॅक कोलारोसला घेतलं. तो त्या वर्षी सस्कॅचवानकडून पहिल्याच सामन्यात, हॅमिल्टनविरुद्ध, डोक्याला मार लागून बाहेर गेला होता. पुढे टोरांटोकडे गेला, पण तिथे एकही सामना खेळला नाही. आमच्याकडे अनेकांना वाटलं, हा कशाला? साखळीतल्या शेवटच्या सामन्यात त्याने कॅलगरीला २९-२८ हरवलं, आणि त्यानंतर त्या वर्षी तो हरलाच नाही.

पण मला विचाराल तर खरा कणा क्वार्टरबॅक नव्हता. कॅनडातल्या खेळात चेंडू १० यार्ड पुढे न्यायला तीनच डाउन (प्रयत्न) मिळतात, अमेरिकेसारखे चार नाहीत. तिसऱ्यावर बहुतेक वेळा किक मारावी लागते, म्हणजे हातात खऱ्या अर्थाने दोनच. पहिल्या डाउनला कोणी चेंडू घेऊन पाच-सहा यार्ड काढून दिले की दुसरा सोपा होतो. हे काम अँड्र्यू हॅरिस करायचा. त्या हंगामात त्याने १३८० यार्ड काढले, लीगमध्ये सर्वात जास्त. मध्ये बंदी असलेल्या द्रव्याच्या चाचणीत अडकून तो दोन सामने बाहेर होता, हेही सांगायला हवं. त्याचं म्हणणं होतं की पूरक आहारात भेसळ होती. पुढे त्याला वाट मोकळी करून देणारे स्टॅनली ब्रायंटसारखे भक्कम लाइनमन, बचावात विली जेफरसन आणि अ‍ॅडम बिगहिल. नोव्हेंबरात बोटं बधिर झाली की लांबचे पास निसटतात, पण धाव आणि बचाव थंडीतही चालतो. प्रशिक्षक माइक ओशे यांनी संघच असा बांधला होता.

आता प्ले-ऑफ, म्हणजे साखळीनंतरचे बाद फेरीचे सामने. तिसरे असल्यामुळे घरच्या मैदानावर एकही सामना नाही. कॅलगरीत जाऊन ३५-१४. मग रेजायनात सस्कॅचवानशी, आणि तुम्ही नशीब म्हणता ते बहुधा इथलं. विनिपेग २०-१३ पुढे, शेवटचा डाव, सस्कॅचवानचा कोडी फहार्डो टचडाउनसाठी (चेंडू गोलरेषेपलीकडे नेऊन गुण मिळवायला) पास फेकतो आणि चेंडू गोलपोस्टच्या आडव्या दांड्यावर आदळतो. कॅनडात हे खांब गोलरेषेवरच उभे असतात, त्यांच्या मागे २० यार्डांचा एंड झोन, म्हणजे जिथे टचडाउन होतो तो पट्टा. खांबाला लागलेला पास तिथेच मेला. आमच्या दिवाणखान्यात क्षणभर कोणाला कळेचना काय झालं. शेजारचे आजोबा माझ्याकडे आले होते. १९९०चा कप त्यांनी पाहिला होता, त्यानंतर २९ वर्षं देव पाण्यात ठेवून बसले होते. ते उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेले आणि तो दांडा पुन्हा दाखवेपर्यंत तिथून हललेच नाहीत. हो, तो एक चेंडू नशिबाचा होता. पण त्याआधी सस्कॅचवानला त्यांच्याच घरी १३ गुणांवर रोखून धरलं, ते बचावाने.

आणि अंतिम सामन्याला तर नशीब म्हणताच येणार नाही. २४ नोव्हेंबर, कॅलगरीचं मॅकमहॉन स्टेडियम, विनिपेग ३३, हॅमिल्टन १२. हॅमिल्टनही १९९९पासून कपासाठी थांबलेलं, त्यामुळे त्यांच्या लोकांसाठी जीव तुटला. जेफरसन त्यांच्या क्वार्टरबॅकला श्वास घेऊ देत नव्हता. हॅरिसने १३४ यार्ड पळून काढले, सामनावीर तोच आणि सर्वोत्तम कॅनेडियनही तोच. हा विनिपेगचा पोरगा. २०११च्या अंतिम सामन्यात तो बीसीकडून खेळला होता, विनिपेगला हरवून हाच सर्वोत्तम कॅनेडियनचा मान त्याने तेव्हाही घेतला होता. आमच्या पोटात ते आठ वर्षं होतं. आता तो तेच आमच्यासाठी करत होता.

त्या रात्री विनिपेगमधल्या पोर्टेज आणि मेन या रस्त्यांच्या चौकात माणसांचा पूर लोटला होता. एका चाहत्याने २००१ मध्ये नवस केला होता की बॉम्बर्स जिंकेपर्यंत हाफ पँटच घालीन. इथे हिवाळ्यात पारा उणे ३०च्या खाली जातो, तरी त्याने तो पाळला. १८ वर्षांनी त्याने फुल पँट चढवली.